शेवळं घेतली, काकडं राहिली: जुनं ज्ञान आणि नवं विज्ञान जोडताना या चुका टाळा

मे संपत आला, आभाळ भरून यायला लागलं की बोरिवली स्टेशनच्या बाहेर पाड्यांवरच्या बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. जुडीशेजारी हिरव्या, गोटीएवढ्या आंबट फळांचा वाटा असतो. ती काकडं. गिऱ्हाईक घाईत असलं आणि "ते नको, नुसती भाजी द्या" म्हणालं, तर बाई त्याला थांबवते. "ताई, काकडं घ्या, नाहीतर घसा धरंल." शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. आतला रंगीत भाग काढून टाकायचा, भाजी बारीक चिरून तेलात भरपूर परतायची आणि काकडांच्या आंबटात शिजवायची. मग सोडे घालून केलेली तीच भाजी माणूस वर्षभर आठवत राहतो.

मी गेली अठरा वर्षं मुंबईच्या पाड्यांवर आणि कोळीवाड्यांत काम करते. पाणी, कचरा, सुकी मासळी, घरं, जे समोर येईल ते. जुनं ज्ञान आणि नवं तंत्र एकत्र आणायचे खूप प्रयत्न या काळात पाहिले, काही स्वतः केले. जे फसले त्यातले बहुतेक एकाच कारणाने फसले. शेवळं उचलली, काकडं तिथेच राहिली. एखादी रीत घेतली, पण ती कधी करायची, कुठे करायची, किती करायची आणि कोणाच्या हाताने करायची, हे सोडून दिलं. नव्या यंत्राच्या बाबतीतही तेच. यंत्र आलं, त्याला लागणारी परिस्थिती आली नाही. खालच्या चुका त्याच अनुभवातून लिहिते आहे. मुंबईत किंवा आसपास असं काम सुरू करणाऱ्यांना त्यातल्या निम्म्या टाळता आल्या तरी बरंच वाचेल.

आराखडा झाल्यावर विचारायला जाणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून आधी हीच.

काही वर्षांपूर्वी एका कोळीवाड्यात आम्ही सोलर ड्रायर आणला. पैसे एका देणगीदाराचे, यंत्र एका कंपनीचं, आणि उत्साह आमचा. उघड्यावर वाळणाऱ्या मासळीवर माश्या बसतात, धूळ बसते, अवकाळी पाऊस आला की अख्खा माल जातो. ड्रायर हे त्यावरचं सरळ उत्तर वाटलं. यंत्रात स्टीलच्या जाळीचे ट्रे होते, एकावर एक. पहिल्या दिवशी बायकांनी बोंबील ट्रेवर पसरले. दुसऱ्या दिवशी काढायला गेलो तर बोंबील जाळीला चिकटलेले. ओढला की कातडी जाळीवर राहायची आणि हातात तुकडा यायचा. असा तुटका माल बाजारात कोण घेणार?

सत्तरीतल्या एका मावशींनी माझा हात धरला आणि मला वलांडीजवळ, म्हणजे मासळी टांगून वाळवायच्या दोऱ्यांच्या मांडवाजवळ नेलं. दोन बोंबील घेतले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि ती जोडी दोरीवरून टाकली. एक या बाजूला, एक त्या बाजूला. "बोंबलाला टांगायचा असतो बाय, निजवायचा नसतो." बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. टांगला की पाणी निथळतं, चारी बाजूंनी वारा लागतो आणि त्याला कशाचा स्पर्श होत नाही. ही गोष्ट वस्तीतल्या दहा वर्षांच्या मुलीलाही माहीत होती. आम्ही यंत्राची ऑर्डर देण्याआधी अर्धा तास वलांडीखाली उभे राहिलो असतो, तर आम्हालाही कळली असती.

मग काय केलं ते सांगते, कारण अडकलेलं काम सोडवण्याची रीतही त्यातूनच सापडली. यंत्र परत पाठवलं नाही. बायकांना विचारलं, "यात काय वाळेल?" उत्तर लगेच आलं: जवळा आणि करंदी. जवळा पूर्वीपासून जमिनीवर पसरूनच वाळवतात, त्यामुळे त्यात वाळू येते आणि भाव पडतो. ट्रेवर वाळलेल्या जवळ्यात कण वाळू नव्हती. बोंबील वलांडीवरच राहिले. फक्त वलांडीच्या एका रांगेवर पारदर्शक प्लॅस्टिकचं छत बसवलं, दोन्ही टोकांना वारा खेळेल असं उघडं ठेवून. 2025 मध्ये मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजीच आला, नेहमीच्या 11 जूनच्या सोळा दिवस आधी. त्या आठवड्यात छताखाली जेवढं मावलं तेवढंच वाचलं.

यंत्र फसलं तर लगेच "लोकांना नवं नको असतं" असा निकाल देऊ नका. ते यंत्र कशाला चालेल, हे वापरणाऱ्यांना ठरवू द्या.

मोठ्या कामांतही हेच घडतं. कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांमध्ये वरळीच्या बाजूला 60 मीटर अंतर ठरलं होतं. खवळलेल्या समुद्रात वारा आणि पाण्याची ओढ होडीला कशी बाजूला ढकलते, हे वरळीचे नाखवा रोज भोगतात. ते म्हणत होते, एवढ्यातून होड्या सुखरूप जाणार नाहीत. आंदोलन झालं, काम अडलं, आणि डिसेंबर 2022 मध्ये ते अंतर 120 मीटर करायचं ठरलं. मच्छीमारांची मागणी याहून जास्त होती. नकाशा कागदावर असतानाच बंदरावर जाऊन दोन-चार फेऱ्या होडीतून मारल्या असत्या, तर हा वाद समुद्रात खांब उभे राहायच्या आधी झाला असता.

बैठकीची वेळ घड्याळावर ठरवणं

"कोळीवाड्यात बैठकीला कोणी येतच नाही" ही तक्रार मी नव्या कार्यकर्त्यांकडून नेहमी ऐकते. बैठक कधी होती, असं विचारलं की उत्तर येतं, दर मंगळवारी सकाळी अकरा.

डोल जाळ्याची मासेमारी भरती-ओहोटीवर चालते. समुद्रात रोवलेल्या खुंटांना डोल बांधलेली असते, पाण्याच्या ओढीने ती भरते आणि ओढ बदलायच्या आत ती काढावी लागते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे होडी किनाऱ्याला कधी लागणार, लिलाव कधी होणार, बायका टोपली घेऊन कधी निघणार, हे सगळंच रोज सरकतं. या आठवड्यात मोकळा असलेला मंगळवार पुढच्या आठवड्यात ऐन कामाच्या वेळी येतो.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, आली भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या आसपास येते, तिथून पुन्हा मोजायचं. अपोलो बंदरच्या छापील भरतीच्या तक्त्याशी हा हिशेब ताडून पाहिला तर थोडा फरक पडतो, पण बैठक ठरवायला एवढं पुरेसं आहे. मी आता दोन्ही वापरते. तक्ता मोबाईलमध्ये असतो, तिथी कालनिर्णयात, आणि तारीख पक्की करायच्या आधी एका मावशींना फोन.

याच हिशेबाचा पावसाळ्यात दुसराही उपयोग आहे. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की गटारांचं पाणी समुद्रात जात नाही, उलटं फिरतं. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. ती यादी वस्तीत वाटताना त्यापुढे तिथी लिहा. इंग्रजी तारीख लोक विसरतात, पौर्णिमेनंतरची बीज विसरत नाहीत.

आणि बैठकीला कोण आलं आहे तेही बघा. जमातीच्या बैठकीत पुढच्या रांगेत पुरुष बसतात. समुद्रातलं ज्ञान त्यांच्याकडे आहे, पण मासळी किनाऱ्याला लागल्यापुढचं सगळं, म्हणजे वाळवणं, साठवणं, भाव आणि पैसा, कोळणींच्या हातात असतं. पाड्यावरही रानभाजी कुठे आणि कधी उगवते हे बाईला विचारायचं असतं. ड्रायरच्या वेळी आम्ही मच्छीमार सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांशी तीनदा बोललो होतो. वलांडीखाली काम करणाऱ्या एकाही बाईशी नाही.

जुनं म्हणजे बरोबरच, असं धरून चालणं

हे लिहिताना मला माहीत आहे की काहींना वाईट वाटेल. पण परंपरेवर खरं प्रेम असेल तर तिच्या मर्यादाही सांगाव्या लागतात.

मुंबईच्या विहिरींचं उदाहरण घ्या. नळ येण्याआधी हे शहर विहिरी आणि तलावांवर जगलं. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर 1725 ची, समुद्रापासून इतक्या जवळ असूनही पाणी गोडं. गावठाणांत, वाड्यांत, चाळींच्या अंगणात अशा किती विहिरी होत्या. पुढे त्यातल्या बऱ्याच झाकल्या किंवा बुजवल्या गेल्या, आणि त्यामागे कारण होतं. 1911 मध्ये बेंटली या डॉक्टरांनी मुंबईतल्या हिवतापाचा शोध घेतला, तेव्हा रोग पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलीस डासाची पैदास विहिरींत आणि टाक्यांत होत असल्याचं दिसलं. हा डास आजही शहरात आहे, आणि त्याला स्वच्छ साचलेलं पाणी आवडतं.

म्हणून "आजोबांच्या काळची विहीर पुन्हा जिवंत करू या" म्हणत गाळ काढून, नारळ फोडून, फोटो काढून परत आलात, तर वस्तीला तुम्ही हिवतापही देऊन आलात. गाळ काढल्यावर पहिलं काम जाळीचं घट्ट झाकण. विहिरीत मासे सोडायची जुनी रीत चांगली आहे, ते डासांच्या अळ्या खातात. पण गप्पी मासे बंद विहिरीत किंवा टाकीतच सोडा. ओढ्यात किंवा तळ्यात गेले तर तिथल्या मूळच्या माशांना ते त्रास देतात. पाण्याची तपासणी केल्याशिवाय ते प्यायला वापरू नका. शेजारी शौचालयाची टाकी असेल तर ते पाणी धुण्याभांड्यापुरतं ठेवा.

आता याच विहिरीची दुसरी बाजू. एका गावठाणात विहीर साफ केली, पाणी गोडं लागलं. लगेच कोणीतरी त्यावर तीन अश्वशक्तीचा पंप बसवला. दोन उन्हाळ्यांत पाणी मचूळ झालं. वयस्क लोक म्हणाले, रहाट होता तोवर असं कधी झालं नाही. त्यांचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. समुद्रसपाटीपेक्षा गोडं पाणी एक मीटर उंच असेल तर त्याच्याखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी मिळतं. हिशेब उलटाही चालतो. वरची पातळी थोडी उतरली की खालचं खारं पाणी कितीतरी पट वर चढतं. रहाटाने माणूस उपसून उपसून किती उपसणार? विहिरीला पुन्हा भरायला वेळ मिळायचा. इथे रहाट हेच काकड होतं. आता रहाट ओढायला कोणी तयार होणार नाही, ते मी समजू शकते. मग छोटा पंप लावा, त्याला टायमर लावा, दिवसातून दोनदा ठरावीक मिनिटं चालवा आणि विहिरीच्या भिंतीवर पातळीची खूण करा. खुणेच्या खाली पाणी गेलं की पंप बंद. हा नियम तोडणाऱ्याला कोण बोलणार, तेही आधीच ठरवा.

एका जागचं उत्तर दुसरीकडे लावणं

पावसाचं पाणी साठवायचं म्हटलं की शोषखड्डा, हे समीकरण आता डोक्यात पक्कं बसलं आहे. कान्हेरीच्या लेण्यांत गेलात तर दिसेल, जवळजवळ प्रत्येक गुंफेच्या दाराशी कातळात खोदलेलं टाकं आहे. शिलालेखांत त्याला पोढी म्हटलं आहे. भिक्षूंनी पाणी जमिनीत मुरवलं नाही, साठवलं, कारण खाली काळा कातळ होता. कोळीवाड्यात खाली कातळ नसतो, पण भूजल इतकं वर असतं की खणलेला खड्डा भरतीला खालूनच भरतो. तिथे शोषखड्डा खणणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं. तिथेही पोढीच लागते, म्हणजे टाकी किंवा ड्रम.

हिशेब करून बघा. वीस चौरस मीटर पत्र्याचं छप्पर, मुंबईचा पावसाळ्यातला पाऊस सुमारे 2,200 मिलिमीटर, गळतीचे वीस टक्के वजा केले तरी मोसमात पस्तीस हजार लिटर पाणी त्या एका छपरावरून वाहून जातं. पाचशे लिटरचा ड्रम जेमतेम तीस मिलिमीटर पावसात भरतो, आणि तेवढा पाऊस इथे एका तासातही पडतो. म्हणून चार महिने रोज वापरायचं पाणी म्हणून त्याचा विचार करा, उन्हाळ्यासाठी साठवायचा हट्ट धरू नका. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी वाहू द्या, त्यात पत्र्यावरची घाण आणि कबुतरांची विष्ठा असते. ड्रमला झाकण घाला. डासांचं वर सांगितलंच.

मासेमारीत हेच दुसऱ्या रूपात दिसतं. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याची सूचना येते. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहाने मोजून ती काढतात. फिरत्या ट्रॉलरला किंवा पर्ससीन जाळंवाल्याला ती उपयोगी आहे. डोलवाल्याचे खुंट मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या ठरलेल्या जागी रोवलेले असतात, तो त्या सूचनेमागे कुठे जाणार? त्याला हवा असतो वाऱ्याचा आणि वादळाचा इशारा, तोही त्याच्या भाषेत आणि वेळेवर. मे 2021 च्या तौक्ते वादळात किनाऱ्यावरच्या होड्यांचंही केवढं नुकसान झालं ते आम्ही पाहिलं आहे. तेव्हा "मच्छीमारांसाठी ॲप" वाटण्याआधी समोरचा मच्छीमार कोणत्या जाळ्याचा आहे ते विचारा.

तिवरांचंही सांगायला हवं, कारण यात भल्या माणसांकडून नुकसान होतं. तिवरं लावणं चांगलं काम आहे. पण खाडीतला उघडा चिखल म्हणजे मोकळी पडलेली जागा नव्हे. ओहोटीला तिथे बायका तिसऱ्या, खुबे असे शिंपले वेचतात, शिवडीला आणि ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी तिथेच चरतात. त्या चिखलात रोपं खोचली की बायकांचं उत्पन्न जातं, आणि बरीच रोपंही मरतात, कारण ती पातळी तिवराची नसते. जिथे तिवरं पूर्वी होती आणि भरावाने मेली, तिथे बहुतेक वेळा रोपं लावायचीही गरज नसते. पाणी येण्याजाण्याची वाट मोकळी करा, डेब्रिज काढा, बी पाण्याबरोबर आपोआप येतं. ती वाट पूर्वी कुठून होती, ते खाडीत होडी घालणारा म्हातारा तुम्हाला बोटाने दाखवेल.

वाघोबाला बाजूला ठेवणं

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं, भोवती जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक, आणि आत बिबटे. उद्यानातल्या आणि आरेतल्या वारली पाड्यांवर वाघोबाचं ठाणं असतं, वाघबारशीला त्याची पूजा होते. जागृतीच्या कार्यक्रमांत मी दोन टोकं पाहिली आहेत. कोणी ही अंधश्रद्धा म्हणून टाळतं. कोणी तिच्यावर इतकं भाळतं की रात्री पाड्यावर दिवा नाही, हे त्यांना दिसत नाही.

वाघोबाला मानणारा माणूस असं धरून चालतो की हा प्राणी इथलाच आहे, तो जाणार नाही, आपण जपून राहायचं. अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासात दिसलं की बिबटे पकडून दुसरीकडे सोडले तर तिथे माणसांवरचे हल्ले वाढतात. 2004 मध्ये उद्यानाभोवती हल्ल्यांची मालिका झाली, ती मुंबईकर विसरलेले नाहीत. पण जपून राहायला साधनं लागतात. घराजवळ शौचालय हवं, वाटेवर उजेड हवा, कचरा रोज उचलला जायला हवा, कारण कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. मुलांनी संध्याकाळी एकटं फिरू नये हे आजी सांगते. शाळेच्या वाटेवर दिवा लावणं महापालिकेचं काम आहे, आणि त्यासाठी अर्ज लिहून देणं आपलं.

भिंतीवर वारली चित्र काढून थांबणं

प्रकल्पाच्या कार्यालयात गेरूच्या रंगावर पांढरी माणसं गोल धरून नाचत असतात, आणि अहवालात लिहिलेलं असतं "स्थानिक ज्ञानाचा समावेश". वारली चित्राला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. लग्नाचा देवचौक सवासिनी तांदळाच्या पिठाने काढतात, त्यात पालघाट देवी असते, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत असते. चित्र हवं असेल तर पाड्यावरच्या कलाकाराला बोलवा, पूर्ण पैसे द्या आणि भिंतीवर त्याचं नाव लिहा. पण त्याला ज्ञानाचा समावेश म्हणू नका. त्यासाठी पाण्याची टाकी कुठे बसवायची, हे त्या पाड्याने ठरवलेलं असावं लागतं.

प्रकल्पाचं वर्ष आणि रानाचं वर्ष

देणगीदाराचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. कारवीचं झुडूप साधारण आठ वर्षांनी एकदा फुलतं. राष्ट्रीय उद्यानात कारवी 2016 मध्ये फुलली, मग 2024 मध्ये. फुलली, बी पडलं, झुडूप वाळलं की मग काठ्या घरासाठी पक्क्या होतात. त्या काठ्यांच्या कुडाला माती-शेणाचा गिलावा दिला की भिंत उन्हाळ्यात थंड राहते. आम्हाला एकदा कुडाचं समाजघर बारा महिन्यांत बांधून हवं होतं. कारवी तयार नव्हती, आणि उद्यानाच्या हद्दीतून काडी आणणं तर बेकायदा. घाईघाईने ओला बांबू घेतला. दुसऱ्या पावसाळ्याआधीच भुंग्याने तो पोखरला, पहाटे दाराशी पिवळी भुकटी पडलेली असायची.

आता बांबू थंडीत, वद्य पक्षात तोडलेलाच घेतो, जुन्या लोकांच्या सांगण्यावरून. थंडीत त्यात साखर आणि पिष्ट कमी असतं, आणि भुंगा पिष्टासाठीच येतो. वाहत्या पाण्यात भिजवायचीही रीत आहे, पण मुंबईत स्वच्छ वाहतं पाणी मिळत नाही, म्हणून टाकीत बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात ठेवतो. हे करायचं तर खरेदी डिसेंबर-जानेवारीत करावी लागते, म्हणून पहिला हप्ता त्याआधी मागून घ्यायचा. प्रस्तावात तसं स्पष्ट लिहा. बहुतेक देणगीदार ऐकतात, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मासेमारी बंदीचं दुखणंही याच जातीचं आहे. राज्याची बंदी 1 जून ते 31 जुलै. कोळ्यांची रीत नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होडी पाण्यात घालायची. ती 2023 मध्ये 30 ऑगस्टला होती, 2024 मध्ये 19 ऑगस्टला. पक्की तारीख अंमलात आणायला सोपी, पण जुन्या रीतीत मासळीला वाढायला आणि समुद्राला शांत व्हायला आणखी दोन-चार आठवडे मिळायचे. बंदी 15 ऑगस्टपर्यंत वाढवा, ही पारंपरिक मच्छीमारांची मागणी त्यातूनच आली आहे. माझ्या मते ती रास्त आहे, मात्र त्या दिवसांचा चुलीचा खर्च कोण देणार हे त्याच कागदावर लिहिलेलं हवं.

लिहून घेऊन निघून जाणं

1995 मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. रद्द करता आलं, कारण हळदीबद्दल छापील पुरावा होता. पाड्यावरच्या आजीच्या औषधाचा असा पुरावा कुठे आहे? म्हणून नोंद व्हायलाच हवी. 2002 च्या जैवविविधता कायद्याने लोक जैवविविधता नोंदवहीची सोय केली आहे, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा हक्क मान्य केला आहे. नोंद करायची ती याच चौकटीत.

चूक होते ती घाईत. विद्यार्थी येतात, दोन दिवसांत पन्नास वनस्पतींची यादी करतात, फोटोसकट कुठेतरी टाकतात आणि जातात. पुढच्या वर्षी ठरावीक जागेवरची ठरावीक मुळी कोणीतरी उपटून नेलेली असते. नोंद करण्याआधी काय लिहायचं, काय लिहायचं नाही आणि वही कोणाकडे राहील, हे पाड्याच्या बैठकीत ठरवा. औषधी वनस्पतीची नेमकी जागा लिहू नका. सांगणाऱ्याचं नाव घालायचं की नाही ते त्यालाच विचारा, आणि दिवसभराच्या वेळेची मजुरी द्या. सांगणाऱ्या बाईचा एक दिवस बुडाला की तिची भाजी विकायची राहते.

आणि लिहिलेलं परत वाचून दाखवा. आम्ही एका पाड्यावर रानभाज्यांची वही केली होती, तक्त्यात एक रकाना होता "महिना". वाचून दाखवायला गेले तेव्हा संध्याकाळ होती, दहा-बारा बायका ओट्यावर बसल्या होत्या. मी वाचलं, "टाकळा, जून." एक आजी म्हणाल्या, "जून कशाला लिवलाय? पाऊस येतो तवा टाकळा येतो. मागल्या साली पाऊस मे महिन्यातच आला, तर टाकळा बी तवाच आला." मग एकेक भाजी पुन्हा घेतली. कोणती पहिल्या सरीनंतर आठ दिवसांनी, कोणती पंधरा, कोणती भात लावून झाल्यावर, आणि शेवळं पाऊस तोंडावर आला की. हवामान खात्याच्या नोंदीतून त्या त्या वर्षी पाऊस कधी सुरू झाला ते आम्ही शेजारी लिहायचं ठरवलं, म्हणजे चार-पाच वर्षांत काय सरकतं आहे ते दिसेल. "महिना" हा शब्द खोडला, वर "पावसानंतर किती दिवसांनी" असं लिहिलं. वही आजींच्या घरी, पत्र्याच्या पेटीत आहे. शेवळाच्या ओळीपुढे त्यांच्या नातीने स्वतःहून लिहिलं आहे: काकडं सोबत.